चुलीचा धूर आणि ओझोनचे यंत्र

(डोळखांब, ता. शहापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वनजमिनीचे दावे, कूळहक्क आणि रोजगार हमी या विषयांच्या रांगेत 'घरातील हवा' हा विषय पाहून अनेकांना नवल वाटले असेल. ज्या तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा हे तीन जलाशय आहेत, ज्यांचे पाणी रात्रंदिवस मुंबईकडे वाहते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, तेथे हवेवर बोलणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे असेही कोणी म्हणेल. पाणी अडवता येते, मोजता येते, नळाने दूर नेता येते. म्हणून त्यावर मालकी सांगता येते आणि त्या मालकीविरुद्ध लढाही उभारता येतो. हवेला असे कोणी बांध घालू शकत नाही, ती सर्वांना सारखी आणि फुकट मिळते, असा आजवरचा समज होता. तो समज बाजाराने खोटा ठरवला. हवा आता विकली जाते, आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या खोलीपुरती ती स्वच्छ करून देण्याचे आश्वासनही विकले जाते.

दिल्लीतील हिवाळ्याची हवा आणि अलीकडे मुंबईचीही हवा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागल्यापासून हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा धंदा जोरात चालला आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केले की २०१४ ते २०१७ या काळात केंद्र सरकारने पंतप्रधानांचे कार्यालय धरून काही सरकारी कार्यालयांसाठी सुमारे ३६ लाख रुपये खर्चून अशी १४० यंत्रे खरेदी केली. रक्कम फार मोठी नाही. सरकारच्या खर्चात ती दिसणारही नाही. परंतु ज्यांच्या सहीने शहराची हवा सुधारू शकते, त्यांनी प्रथम आपल्या टेबलाजवळची हवा सुधारून घेतली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक प्रश्नाला खासगी उत्तर शोधण्याची जी वृत्ती सुखवस्तू वर्गात रुजली आहे, ती सरकारनेच गिरवून दाखवली. शाळा बिघडली तर मुलांना दुसऱ्या शाळेत घालावे, नळाचे पाणी बिघडले तर बाटली घ्यावी, हवा बिघडली तर यंत्र घ्यावे. जो घेऊ शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न विचारायला मग कोणी उरत नाही.

या यंत्रांतही दोन जाती आहेत आणि त्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. पहिल्या जातीचे यंत्र पंख्याने हवा ओढते आणि दाट गाळणीतून सोडते. बारीक धूळ व धुराचे कण गाळणीत अडकतात. बंद खोलीत, वीज असताना, गाळण्या वेळेवर बदलल्या तर त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. दुसऱ्या जातीचे यंत्र काही गाळत नाही. ते हवेत ओझोन नावाचा वायू सोडते, आणि या वायूने जंतू मरतात, दुर्गंधी जाते, धूर नाहीसा होतो, हवा पर्वतावरच्यासारखी ताजी होते, असा त्याच्या विक्रेत्यांचा दावा असतो. २०२० च्या साथीत तर जंतुनाशक म्हणून या ओझोनचा मोठा गवगवा झाला. त्याच काळात माणसांना बोगद्यातून चालवून त्यांच्या अंगावर औषध फवारण्याचे प्रकार सुरू झाले होते. ते अपायकारक असून त्याने काही साधत नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये पत्रक काढून सांगावे लागले. भ्यालेल्या माणसाला काहीही विकता येते.

ओझोन म्हणजे काय? आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू सैल असतो. तो सुटतो आणि जे भेटेल त्याच्याशी संयोग पावतो. हवेत विजेची ठिणगी पडली की ओझोन तयार होतो. वीज कोसळल्यावर किंवा जुन्या विद्युतयंत्राजवळ जो तिखट वास येतो तो याचाच. शोनबाइन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या वायूला नाव दिले तेही ग्रीक भाषेतील वास घेण्याच्या क्रियेवरून. त्या शतकात युरोपात समुद्रकाठच्या हवेत ओझोन असतो म्हणून ती आरोग्यदायी, अशी समजूत पसरवून किनाऱ्यावरील हॉटेले चालवली गेली. तो वास बहुतांशी कुजणाऱ्या समुद्रशेवाळाचा होता! ओझोनच्या नावावर फसवणूक होण्याला अशी मोठी परंपरा आहे.

आपल्याकडे ओझोनला जे चांगले नाव मिळाले त्याचे कारण वेगळे आहे. आश्रमशाळेतील मुलेही १६ सप्टेंबरला ओझोन दिनाची चित्रे काढतात. पृथ्वीभोवती एक छत्री आणि ती छत्री फाडणारे वायू त्यांना माहीत असतात. जमिनीपासून सुमारे पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन सूर्याची घातक किरणे अडवतो, आणि तो वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी करार केला, हे खरेच आहे. राष्ट्रांनी मनावर घेतले तर हवेचा प्रश्न सुटतो याचे ते दुर्मीळ उदाहरण आहे. पण वर छत्री असलेला वायू खाली नाकात गेला की विष होतो. पाऊस शेतावर पडावा. तो छातीत भरला तर माणूस बुडतो. ज्याने 'ओझोन वाचवा' एवढेच शिकले, त्याला 'ओझोन देणारे यंत्र' हे पुण्याचे काम वाटावे यात नवल नाही, आणि विक्रेत्यांना नेमके हेच हवे असते.

ओझोन फुफ्फुसात गेला की श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर त्याचा तोच सैल अणू कामाला लागतो. खोकला, छातीत जळजळ, दम लागणे, दमेकऱ्यांचा दमा बळावणे हे त्याचे परिणाम आहेत. जंतूंना मारणारी आणि फुफ्फुसाला जाळणारी रासायनिक क्रिया एकच आहे. विक्रेत्याच्या ओझोनला जंतू आणि माणूस यांतला भेद कळत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उपलब्ध संशोधन तपासून असे सांगितले आहे की आरोग्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिले तर ओझोनने घरातील हवेची घाण फारशी जात नाही, आणि जंतू पुन्हा वाढू नयेत इतका परिणाम साधायचा तर त्या मर्यादेच्या पाच ते दहा पट ओझोन खोलीत सोडावा लागेल. म्हणजे यंत्र निरुपद्रवी असेल तर निरुपयोगी आहे, आणि उपयोगी असेल तर माणसाने त्या खोलीत बसता कामा नये. धुळीचे कण ओझोनने हटत नाहीत. लाकडाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायूही त्याने जात नाही. जातो तो फक्त वास, आणि तोही बऱ्याच अंशी ओझोनच्या वासाखाली दबतो. लिंबाच्या किंवा देवदाराच्या सुगंधाची फरशी पुसण्याची द्रावणे शहरी घरांत वापरतात. त्यांतील सुगंधी द्रव्यांशी ओझोनचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइडसारखी नवी विषारी द्रव्ये आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. स्वच्छ करायला आणलेले यंत्र घरात नवी घाण निर्माण करते.

येथे न्याय्य भेद करावयास हवा. ओझोनचा उपयोगच नाही असे नव्हे. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने निर्जंतुक करण्यात येऊ लागले, आणि आपल्याकडेही बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत तो वापरतात. पाण्यात सोडलेला ओझोन काम करून विघटन पावतो; ते पाणी प्यायच्या वेळेपर्यंत तो उरलेला नसतो. खोलीच्या हवेत सोडलेला ओझोन मात्र त्याच क्षणी छातीत जातो. विज्ञान एकच, ते कोठे, किती आणि कोणासाठी वापरायचे हा प्रश्न विज्ञानाचा एकट्याचा नाही.

अमेरिकेत अल्पाइन इंडस्ट्रीज नावाची कंपनी अशी यंत्रे घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांमार्फत विकत असे. पुराव्याशिवाय आरोग्याचे दावे करू नयेत असा आदेश तिला १९९५ मध्ये तेथील व्यापार आयोगाने दिला. कंपनीने दावे चालूच ठेवले. १९९९ मध्ये ज्यूरीने तिच्याविरुद्ध कौल दिला आणि २००१ मध्ये न्यायालयाने १४ लाख ९० हजार डॉलर दंड ठोठावला. कॅलिफोर्निया राज्याने २००६ मध्ये कायदा करून घरगुती हवायंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर मर्यादा घातली. हवेच्या दहा कोटी भागांत पाच भागांहून अधिक ओझोन सोडणारे यंत्र तेथे २०१० पासून विकता येत नाही. हा आकडा साधारणपणे एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम इतका होतो. योगायोग असा की भारत सरकारने २००९ मध्ये अधिसूचित केलेल्या राष्ट्रीय मानकांतही ओझोनची आठ तासांची मर्यादा तेवढीच आहे. परंतु ती मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत. उंबरठा ओलांडून आत गेले की कायदा बाहेर थांबतो.

आणि या उंबरठ्याशीच डोळखांबचा विषय सुरू होतो.

डोळखांबपासून चोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांचे पाडे आणि कुणब्यांची गावे आहेत. चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचे खालचे धरण आहे. २५० मेगावॉटचा हा उदंचन जलविद्युत प्रकल्प पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडतो आणि राज्याच्या गरजेच्या वेळी वीज देतो. त्याच परिसरात कारवीच्या कुडाचे, शेणमातीने सारवलेले, कौलांचे किंवा पेंढ्याचे घर असते आणि त्यात तीन दगडांची किंवा मातीची चूल असते. पहाटे ती पेटते. भाकरी, कालवण, अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, पुन्हा संध्याकाळी तेच. चुलीपुढे बसणारी बाई दिवसाचे तीनचार तास फुंकणीने फुंकत, डोळे पुसत त्या धुरात असते. पाठीशी तान्हे बांधलेले असते किंवा मांडीवर असते. पावसाळ्यात लाकूड ओले, दार लावलेले, आणि धुराला बाहेर पडायला कौलांच्या फटींशिवाय वाट नाही.

या धुराविषयी बोलताना शहरी सुधारक जी चूक करतात ती कार्यकर्त्यांनी करू नये. धूर ही केवळ अज्ञानाची खूण नाही. त्या धुराने माळ्यावरचे बियाणे किडीपासून वाचते, चुलीवर टांगलेली मक्याची कणसे टिकतात, छपराचा बांबू व पेंढा लवकर सडत नाही, पावसाळ्यात डास कमी होतात, ओले कपडे सुकतात. म्हाताऱ्यांना रात्री ऊब मिळते. धूर काढून टाका असे जो सांगतो त्याने बियाण्याचे आणि छपराचे काय करायचे तेही सांगितले पाहिजे. न सांगता जो भाषण देतो त्याचे भाषण बायका शांतपणे ऐकून घेतात आणि घरी जाऊन चूल पेटवतात. त्यांचे बरोबरच असते.

तरीही धूर मारतो. ही गोष्ट आपल्याच देशातील एका डॉक्टर बाईंनी जवळजवळ सात दशकांपूर्वी दाखवून दिली होती. डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतील रुग्णांच्या अभ्यासात पाहिले की फुफ्फुसाच्या दीर्घ विकारामुळे हृदय निकामी होण्याचा आजार स्त्रियांत पुरुषांइतकाच आढळतो, आणि या स्त्रियांपैकी बहुतेकींनी विडीसिगारेट ओढलेली नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी स्वयंपाकाच्या धुराकडे बोट दाखवले. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत बायकांच्या अंगावर मोजणीची साधने लावून स्वयंपाकाच्या वेळचा धूर मोजला. त्याचे आकडे कोणत्याही शहराच्या वाईटातल्या वाईट दिवसाला लाजवणारे होते. याच स्मिथ यांनी एक साधा हिशेब मांडला, जो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा: घराबाहेर सोडलेल्या घाणीपेक्षा घरात सोडलेली घाण माणसाच्या छातीत पोचण्याचा संभव सुमारे हजारपट असतो. कारखान्याचे धुराडे आकाशात सोडते. चूल नाकाशी सोडते. म्हणून थोडा धूरही फार ठरतो.

हाच हिशेब ओझोनच्या यंत्राला लावून पाहावा. तेही घरातच सोडते, नाकाशीच सोडते. चूल आणि यंत्र यांत फरक एवढाच की चुलीवर निदान भाकरी भाजते.

२०१९ सालच्या आकडेवारीवर आधारलेला आणि २०२० मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की भारतात त्या वर्षी सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, आणि त्यांपैकी सुमारे ६ लाख १० हजार घरातील धुराशी. लहान मुलांचा न्यूमोनिया, दम्यासारखा कायमचा श्वासविकार, हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग, डोळ्यांतील मोतीबिंदू असे अनेक आजार या धुराशी जोडले गेले आहेत. दिल्लीच्या धुरक्यावर जेवढे लिहिले जाते त्याच्या शतांश तरी या सहा लाखांवर लिहिले गेले आहे काय? या मृत्यूंना वार्ताहर नसतो. म्हातारी खोकत होती, गेली, एवढीच त्याची नोंद.

यात आपल्या चळवळीचीही उणीव आहे आणि ती मान्य करावयास हवी. राममनोहर लोहिया यांनी जातीच्या व स्त्रीच्या दास्याविषयी लिहिताना स्वयंपाकघराची गुलामी, चुलीचा धूर आणि तो बाहेर नेणारे धुराडे यांचा उल्लेख पन्नाशीच्या दशकातच केला होता. चुलीला राजकारणात आणणारा तो विचार त्यांच्या अनुयायांनी उत्सवात आठवला, कार्यक्रमात आणला नाही. १९७२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन हजारो स्त्रिया उतरल्या. तेल, रॉकेल, धान्य यांच्या भावासाठी सरकारला त्यांनी जाब विचारला. स्वयंपाकघर हे राजकारणाचे क्षेत्र आहे हे त्या लाटण्याने कायमचे सिद्ध केले. पण भांड्यात काय शिजते याचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. भांड्याखाली काय जळते आणि ते कोणाच्या छातीत जाते हा प्रश्न मागेच राहिला.

सरकारी बाजूने १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाखो चुली बसवल्याचे आकडे आले. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने धुराडे असलेल्या चुलींवर आणि नंतर घरगुती बायोगॅसवर जिद्दीने काम केले, त्याची नोंद जगाने घेतली. पण सरकारी कार्यक्रमात चूल बसवली की काम संपले असे मानले गेले. धुराडे काजळीने भरते, ते वर्षातून अनेकदा साफ करावे लागते. फुटलेले बदलावे लागते. उद्दिष्ट बसवण्याचे होते, टिकवण्याचे नव्हते. ज्या बाईने ती चूल वापरायची तिला तिच्या भांड्याचा आकार कोणी विचारला नाही.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. विरोधी पक्षात आहोत म्हणून या कामाला शून्य म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोडणी बाईच्या नावाने होते, हेही चांगलेच. पण जोडणी म्हणजे गॅस नव्हे. योजनेतील कुटुंबांनी २०२३-२४ मध्ये सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले, असे सरकारचेच आकडे सांगतात. वर्षाला चार सिलिंडरवर पाचसहा माणसांचा स्वयंपाक होत नाही; चहा होतो, पाहुण्यांचा भात होतो, आणि उरलेले दिवस चूल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण कुटुंबे ४३ टक्के निघाली. सरकार जोडण्या मोजते. धूर कोणी मोजत नाही.

हिशेब सोपा आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर १,१०० रुपयांच्या वर गेला होता. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. चार दिवस माती खणली तरी एक सिलिंडर पुरा येत नव्हता. अनुदान २०० रुपयांचे, तेही आधी पूर्ण पैसे भरल्यावर बँकेत जमा होणारे. नंतर भाव थोडा उतरला, अनुदान ३०० झाले, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. तीही पैसे आधी द्या, मग परत घ्या, याच रीतीची. ज्याच्या घरात महिनाअखेर शंभर रुपये नसतात त्याला हजार रुपये 'आधी' कोठून आणायचे ते कोणी सांगत नाही. शिवाय शिधापत्रिकेवर गॅसचा शिक्का बसला की रॉकेल बंद होते. म्हणून डोंगराच्या पायथ्याची बाई मोळी आणायला जंगलात जाते. तिच्या श्रमाला भाव नाही असे धरले तरच लाकूड फुकट पडते.

कातकऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. माणसे कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. सहासात महिने घर म्हणजे विटांचा आडोसा आणि वर प्लास्टिक. बाहेर भट्टीचा धूर, आत चुलीचा. ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे निवेदन चालेल अशी सवलत दिली गेली. चांगली आहे. पण त्या आडोशापर्यंत सिलिंडर कोण पोचवणार, आणि उचल घेतलेल्या मजुराच्या हातात रोख पैसा कोण ठेवणार?

आता एक प्रसंग कल्पून पाहा. तो दूरचा नाही. मुंबईची एखादी कंपनी आपला सामाजिक निधी खर्च करायला निघते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात किंवा अंगणवाडीत हवा शुद्ध करणारी यंत्रे बसवून देऊ म्हणते. फलक लागेल, फोटो निघेल, वर्तमानपत्रात येईल. त्या वेळी गावातील आपला कार्यकर्ता काय म्हणणार? फुकट मिळते आहे, घेऊन टाकू, असे म्हणणे सोपे आहे. प्रथम त्याने विचारावे की यंत्र ओझोन सोडते काय. जाहिरातीत 'ओझोन', 'सक्रिय प्राणवायू' किंवा 'आयन' असा शब्द दिसला की सावध व्हावे. आयन सोडणारी काही यंत्रेही आनुषंगिकपणे ओझोन देतात. वीस-पंचवीस मुले झोपतात त्या खोलीत, त्यांतल्या दमेकरी मुलाच्या उशाशी असे यंत्र ठेवणे हा अपराध आहे, मग ते देणगीचे असो वा विकतचे. गाळणीचे यंत्र असेल तर विचारावे की दोन वर्षांनी गाळण्या कोण आणणार आणि वीज गेली तर काय. कुडाच्या, फटींच्या घरात त्याचाही उपयोग नाही. एका बाजूने गाळावे आणि दुसऱ्या बाजूने चूल धूर ओतावी असा तो खेळ होईल. आणि मग त्याने सांगावे की निधी द्यायचाच असेल तर शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला धुराडे, मोठी खिडकी आणि वर्षभराचा गॅस द्या. तेथे मोठ्या पातेल्यांपुढे बसून स्वयंपाक करणाऱ्या बायकांना अल्प मानधन मिळते आणि भरपूर धूर मिळतो. फलक तेथेही लावता येईल.

सिलिंडरचा पुनर्भरणा गरीब कुटुंबाला पैसे आधी न भरता मिळावा; पाच किलोचा लहान सिलिंडर पाड्यापर्यंत पोचावा; ज्यांची गुरे आहेत त्यांना बायोगॅस आणि त्याच्या दुरुस्तीची माणसे मिळावीत; घरकुलाच्या नकाशात धुराड्याची व छपराखालच्या झरोक्याची सोय सक्तीची असावी; प्राथमिक आरोग्य केंद्रात चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या खोकल्याला विडी ओढणाऱ्याच्या खोकल्याइतकेच महत्त्व मिळावे, या मागण्या मोर्च्याच्या आहेत. पण मोर्चा निघेपर्यंत जे हाताशी आहे तेही सांगावे. लाकूड पावसाळ्यापूर्वी फोडून वाळवून ठेवावे. कोरड्या दिवसांत चूल पडवीत किंवा अंगणात घ्यावी. बियाणे धुरावरच ठेवायचे तर त्यासाठी वेगळा धूर वेगळ्या वेळी करावा, मुलांना बाहेर काढून. कुडाला वरच्या अंगाला मोकळी जागा ठेवावी. तान्हे मूल चुलीजवळ नको, ते बापाने घ्यावे. ही शेवटची सूचना ऐकून पुरुष कार्यकर्ते हसतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे. हसून झाल्यावर त्यांनी एकदा श्रावणातल्या सकाळी दार लावून चुलीपुढे तासभर बसून पाहावे.

पुढील अभ्यासवर्गापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या पाड्यातील घराघरांत जाऊन एक वही भरावी. गेल्या वर्षी किती सिलिंडर भरले, चूल दिवसाला किती तास पेटली, घरात कोणाला कधीपासून खोकला आहे, आणि मोळीसाठी किती अंतर चालावे लागते. प्रश्न बाईला विचारावेत, घरधन्याला नव्हे. शिधापत्रिकेवरील नाव आणि आकडे ताडून घ्यावेत. तहसीलदारांपुढे ही वही ठेवायची आहे, त्यामुळे अंदाजाने एकही घर भरू नये.